शिकण्याचा दिवस हजेरीत धरा

कॉलमच्या उभ्या सळयांभोवती बांधतात त्या रिंगेचा आकडा, म्हणजे वळवलेलं टोक, किती अंशात वळवायचं, हे आमच्या फिटरमामांना वयाच्या 52 व्या वर्षी कळलं.

मामा मुखेड तालुक्यातले. तीस वर्षं सळई वाकवतायत. पुण्याच्या पश्चिमेला उभ्या राहिलेल्या कितीतरी इमारतींच्या पोटात त्यांच्या हातचं स्टील आहे. मी त्या साइटवर इंजिनिअर म्हणून रुजू झाले, त्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी वाकवलेल्या रिंगांचा ढीग पाहिला. काम सुबक होतं, मापात एका सुताचा फरक नाही. पण प्रत्येक रिंगेची टोकं काटकोनात मोडलेली. ती टोकं आत, कॉलमच्या पोटाकडे, 135 अंशांत वळलेली हवीत. ड्रॉइंगमध्ये तसं स्पष्ट काढलेलं होतं. पण ते ड्रॉइंग इंग्रजीत, ऑफिसच्या कपाटात. मामांच्या हातात फक्त मुकादमानं सिमेंटच्या गोणीवर लिहून दिलेली मापं.

मी चार पेन्सिली एकत्र धरल्या आणि बाइंडिंग वायरच्या दोन बारीक रिंगा केल्या. एकीची टोकं काटकोनात, दुसरीची आत खुपसलेली. पेन्सिली बाहेरच्या बाजूला दाबल्या की पहिली रिंग उघडायची, दुसरी तशीच धरून राहायची. भूकंपात कॉलम हलला की बाहेरचं काँक्रीट आधी सुटून पडतं, मग काटकोनातली टोकं मोकळी होतात, रिंग उघडते आणि उभ्या सळया फुगून बाहेर येतात. एवढंच सांगायचं होतं. मामांनी माझ्या हातातून पेन्सिली घेतल्या, स्वतः दोनदा दाबून पाहिल्या. मग बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "मॅडम, मग तीस वर्षं मी जे बांधलं त्याचं काय? आपल्याला कोणी सांगितलंच नाही की."

मला उत्तर देता आलं नाही. आजही देता येत नाही. पण हा प्रश्न मामांनी स्वतःला विचारावा, यात काहीतरी फार चुकतंय, असं मला तेव्हापासून वाटत आलंय. भूकंपात टिकणाऱ्या काँक्रीटच्या बांधकामासाठी सळई कशी बांधावी, याचं भारतीय मानक, आयएस 13920, 1993 साली आलं. त्या वर्षी एखाद्या पोरानं सळईकामाला हात लावला असेल, तर आज तो पन्नाशीत आहे. इंजिनिअरांच्या पुस्तकात ती गोष्ट आली, परीक्षेत आली, ड्रॉइंगमध्ये आली. ज्याच्या हातानं ती प्रत्यक्षात यायची, त्याच्यापर्यंत पोहोचवायची जबाबदारी मात्र कोणाच्याच कामात लिहिलेली नव्हती.

बांधकाम कामगाराला 'अकुशल' म्हणायची आपल्याला सवय आहे. मला तो शब्द पटत नाही. चांगला गवंडी मुठीत वाळू दाबून तिच्यात माती किती हे सांगतो. विटेवर वीट आपटून आवाजावरून भट्टी नीट लागली होती का ते ओळखतो. ओळंबा सोडायच्या आधीच भिंत कुठे झुकली ते त्याच्या नजरेला कळतं. हे ज्ञान वर्षानुवर्षं उस्तादाच्या हाताखाली घमेली उचलत, शिव्या खात मिळवलेलं असतं. अडचण आहे ती दुसरीकडे. उस्तादानं शिकवलं त्या काळचं साहित्य आता साइटवर राहिलेलं नाही. त्यामुळे अतिशय मन लावून शिकलेली गोष्टच आज चुकीची ठरू शकते.

वीट लावायच्या आधी पाण्यात भिजवायची, हा गवंडीकामाचा पहिला धडा. कोरडी वीट मालातलं, म्हणजे सिमेंट-वाळूच्या मिश्रणातलं, पाणी ओढून घेते, सांधा कच्चा राहतो. मग पांढऱ्या, हलक्या एएसी ब्लॉकच्या भिंती आल्या. हा ब्लॉक तसा भिजवायचा नसतो; नुसतं वरवर पाणी शिंपडायचं. पूर्ण भिजवला तर नंतर सुकताना आकसतो आणि भिंतीला तडे जातात. शिवाय खास ब्लॉकसाठी बनवलेला चिकट माल असेल तर सांधा जेमतेम 3 मिलिमीटरचा धरायचा; विटेला लागतो तसा जाड थर नको. आता ज्या गवंड्यानं पंचवीस वर्षं इमानानं वीट भिजवली, तो ब्लॉकही इमानानंच भिजवणार. तडे गेले की ग्राहक बिल्डरवर चिडतो, बिल्डर ठेकेदारावर, ठेकेदार मिस्त्रीवर, आणि सगळ्यांचं एकमत होतं की 'हल्ली चांगली माणसंच मिळत नाहीत'.

सिमेंटचंही तसंच. पूर्वी साधं पोर्टलँड सिमेंट यायचं, आता बहुतेक ठिकाणी राख मिसळलेलं पीपीसी असतं. त्याला ताकद यायला वेळ लागतो, म्हणून पाणी जास्त दिवस मारावं लागतं. आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकात साध्या सिमेंटला किमान 7 दिवस सांगितलेत, मिश्र सिमेंटला किमान 10, आणि 14 दिवसांची शिफारस आहे. साइटवर तिसऱ्या-चौथ्या दिवशी कॉलमचं बारदान सुकलेलं दिसतं. पाणी मारणारा बिगारी आळशी असतो म्हणून नव्हे. त्याला चौथ्या दिवशी दुसऱ्या मजल्यावर पाठवलेलं असतं, आणि सिमेंटची गोणी बदलली म्हणजे पाण्याचे दिवसही बदलले, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. नदीची वाळू दुर्मीळ होऊन दगड फोडून केलेली क्रश सँड आली, तेव्हाही हेच झालं. क्रश सँडचे कण टोकदार, त्यात धूळ जास्त, माल खेचल्यासारखा लागतो. थापीला जड जातो म्हणून मिस्त्री आणखी पाणी ओततो. प्लास्टर सुरेख सरकतं आणि महिनाभरानं त्यावर बारीक तड्यांचं कोळ्यासारखं जाळं दिसायला लागतं.

महाराष्ट्रानं याची सर्वांत मोठी किंमत एकदा मोजलेली आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतर काही तासांतच, किल्लारी आणि आसपासची गावं झोपेतच जमीनदोस्त झाली. दगडमातीच्या जाडजूड भिंती आणि वर माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, वजन. भिंतीचे आतला आणि बाहेरचा असे दोन पदर, मध्ये भर. दोघांना सांधणारा आरपार दगड कुठेच नाही. हादरा बसताच पदर सुटले आणि माळवद खाली आलं. तोपर्यंत हा भाग भूकंपाच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. पुढे 2002 च्या सुधारणेत तो तिसऱ्या पट्ट्यात गेला. पण मुद्दा त्यानंतरच्या कामाचा आहे. पुनर्वसनात आणि उरलेल्या घरांच्या मजबुतीकरणात गावच्या गवंड्यांना आरपार दगड कसा बसवायचा, भिंतीभोवती पट्टा कसा फिरवायचा हे शिकवलं गेलं. ते शिकले. निरक्षर असलेलेही शिकले, कारण शिकवणं भिंतीपाशीच चालू होतं. म्हणजे आपल्याला हे जमतं. आपण ते हजारो माणसं गेल्यावर केलं आणि मग थांबवलं.

ज्या कामात चुकलं तर दुसऱ्याचा जीव किंवा पैसा जातो, त्या कामात माणसानं शिकत राहावं, हे आपण इतरांच्या बाबतीत केव्हाच मान्य केलंय. महाराष्ट्रात डॉक्टरला नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत 30 क्रेडिट तास भरावे लागतात. चार्टर्ड अकाउंटंटला दर तीन वर्षांत ठरावीक तास शिकावं लागतं. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं शिक्षकांसाठी वर्षाला 50 तास सांगितलेत. कॉलम बांधणाऱ्या माणसाच्या वाट्याला किती? शून्य. आणि त्या कॉलमवर डॉक्टरचा दवाखाना उभा असतो, शिक्षकाची शाळा उभी असते.

"पण सरकारी योजना आहेत की," असं कोणी म्हणेल. आहेत. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना 2015 पासून चालू आहे. तिच्यात आधीपासून काम येणाऱ्या माणसाच्या कौशल्याला मान्यता देणारा एक भाग आहे: थोडी उजळणी, एक चाचणी आणि प्रमाणपत्र. कल्पना योग्य आहे. कामगाराला जे येतं त्याची सरकार दरबारी नोंद व्हावी, याला कोण नाही म्हणेल? पण मी ज्या साइटवर हे झालेलं पाहिलं, तिथे काय झालं ते सांगते. दोन तरुण लॅपटॉप घेऊन आले. बेसमेंटमध्ये सतरंजी घातली. पडद्यावर हेल्मेटची चित्रं दाखवली. मग सगळ्यांना टी-शर्ट आणि टोप्या वाटल्या, फोटो काढले. काही महिन्यांनी प्रमाणपत्रं आली. आमच्या एका सेंट्रिंगवाल्यानं ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून, रेशनकार्डासोबत जपून ठेवलं. पुढच्या साइटवर त्यानं ते मुकादमाला दाखवलं. मुकादम म्हणाला, "ठेव खिशात, पहिलं फळी लावून दाखव." हजेरी तेवढीच राहिली, एक रुपयाही वाढली नाही.

मुकादमाचं चुकलं असं मला म्हणता येणार नाही. त्या कागदानं त्याला काहीच कळत नव्हतं. जो कागद पाहून मजुरी वाढत नाही आणि जो मिळवायला दिवस मोडावा लागतो, त्याच्यासाठी कोणताही शहाणा कामगार दुसऱ्यांदा जाणार नाही. इथे सगळी गोष्ट एका शब्दात अडकते: खाडा. शिकायला गेला की खाडा. मिस्त्रीची हजेरी आज पुण्यात हजाराच्या घरात आहे. पाच दिवस शिकायचं म्हणजे पाच हजार गेले, आणि शनिवारच्या वाटपात गावी पाठवायचे पैसे तेवढे कमी. त्यातून मुकादमाची उचल अंगावर असेल तर तो जाऊच देणार नाही. आपण प्रशिक्षण 'मोफत' ठेवलं म्हणून समाधान मानतो. कामगारासाठी ते कधीच मोफत नसतं.

म्हणून माझी मागणी साधी आहे. शिकण्याचा दिवस हजेरीचा दिवस धरला पाहिजे. पूर्ण हजेरी, साइटवरच, कामाच्या वेळात.

पैसा कुठून आणायचा? तो गोळा होतोच आहे. 1996 च्या कायद्यानं बांधकामाच्या खर्चावर 1 टक्का कामगार कल्याण उपकर बसवला. ते कायदे आता कामगार संहितांमध्ये गेले, उपकर राहिलाच. मार्च 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात या पैशाचा हिशोब आला: देशभरात 37,400 कोटींहून जास्त जमा, आणि कामगारांसाठी खर्च झाले सुमारे 9,500 कोटी. महाराष्ट्रातल्या कल्याणकारी मंडळाकडून सुरक्षेच्या वस्तूंचा संच मिळतो, घरगुती भांड्यांचा संच मिळतो, मुलांना शिष्यवृत्ती मिळते. कौशल्यवृद्धीच्या योजनाही यादीत आहेत. भांड्यांच्या संचाला मी नावं ठेवणार नाही. गावाहून पोरंबाळं घेऊन पत्र्याच्या खोलीत संसार मांडणाऱ्या बाईला त्याची किंमत माहीत असते. पण कामगाराचं कल्याण कशानं होतं, हा प्रश्न विचारायलाच हवा. ज्या माणसाची रोजची मजुरी त्याच्या हातातल्या कसबावर ठरते, त्याचं कसब वाढवणं हे कल्याणच आहे.

आकडा मांडून पाहू. 20 कोटी खर्चाची एक मध्यम इमारत धरा. तिचा उपकर 20 लाख. त्यातला पाचवा हिस्सा, 4 लाख, त्याच साइटवरच्या शिकण्यासाठी राखला, तर 40 कारागिरांना वर्षाला 5 दिवस पूर्ण हजेरी देऊन 2 लाख होतात. उरलेल्या 2 लाखांत शिकवणाऱ्याचं मानधन, साहित्य आणि नमुन्याचा एक कॉलम, एक भिंत सहज बसते. ग्राहकाला फ्लॅटमागे एक रुपया जास्त पडत नाही, कारण हा पैसा आधीच भरलेला आहे.

कामाच्या जागी, पैसे देऊन शिकवायचं, यात नवलाचंही काही नाही. ग्रामीण घरकुल योजनेत गवंड्यांना 45 दिवस प्रत्यक्ष घर बांधता बांधता शिकवण्याची पद्धत आपल्याच देशात आहे. रोजगार हमीत 100 दिवस भरलेल्या कुटुंबांसाठी 2019 साली 'उन्नती' प्रकल्प आला, त्यात शिकण्याच्या दिवसांना मजुरीच्या दरानं विद्यावेतन ठेवलं होतं. ब्रिटनमध्ये तर 1964 च्या कायद्यापासून बांधकाम कंपन्यांकडून प्रशिक्षणासाठीच वेगळी पट्टी घेतली जाते.

बिल्डर आणि ठेकेदारांचा आक्षेप मला ठाऊक आहे, कारण तो मी रोज ऐकते. "मॅडम, शिकवलं की पोरगं उडतं. दुसरा शंभर रुपये जास्त देतो, हा निघाला." खरं आहे. म्हणूनच हा खर्च एकट्या ठेकेदाराच्या खिशातून होणार नाही. तो सामाईक निधीतूनच झाला पाहिजे. माझ्याकडे शिकलेला तुमच्याकडे गेला, तुमच्याकडे शिकलेला माझ्याकडे आला, तर नुकसान कोणाचं? आणि शिकल्यावर तो शंभर रुपये जास्त मिळवतो, यात वाईट काय आहे? शिकण्याचा हेतूच तो आहे.

सिंगापूरनं ही गाठ वेगळ्या तऱ्हेनं सोडवली. तिथे परदेशी बांधकाम कामगारामागे मालकाला दरमहा सरकारी कर भरावा लागतो. 2024 पासून साध्या कुशल कामगारामागे तो 900 सिंगापूर डॉलर आहे आणि वरच्या श्रेणीतल्या कुशल कामगारामागे 500. मालकाला कामगार शिकलेला असणं परवडतं, म्हणून तो शिकवतो. त्या साइट्सवर आपले तामिळनाडूचे हजारो लोक आहेत. आपल्याकडेही उपकराच्या बाबतीत असं करता येईल: ज्या साइटवर शिकलेले, श्रेणी मिळालेले कामगार जास्त, तिला थोडी सूट. आणि सरकारी कामांच्या दरसूचीत श्रेणीप्रमाणे हजेरीचे वेगळे दर. मग मुकादमच पोरांना म्हणेल, जा बाबा, चाचणी देऊन ये.

चाचणी कशी घ्यायची हेही परदेशानं आपल्या दारात येऊन दाखवलं. जानेवारी 2024 मध्ये रोहतक आणि लखनौला इस्रायलच्या बांधकामांसाठी भरती झाली, तेव्हा उमेदवारांना सळई वाकवून, प्लास्टर करून, फरशी बसवून दाखवावी लागली. महिन्याला सव्वा लाखाहून जास्त पगार होता. युद्ध चालू असलेल्या देशात जायला थंडीत रांगा लागल्या. आपल्या देशात त्याच हातांना पाचवा हिस्साही मिळत नाही, म्हणून त्या रांगा होत्या.

शिकवणारा कोण असावा, यावर माझं मत ठाम आहे. लॅपटॉपवाला नको. हाडाचा मिस्त्री हवा, ज्याचा हात पाहून बाकीचे मान डोलावतात. त्याला आधी आम्ही इंजिनिअरांनी नीट समजावून सांगावं, मग त्यानं आपल्या भाषेत सांगावं. साइटवर मराठीच्या जोडीला हिंदी, कन्नड, तेलुगू, बंगाली असते. लिहिता-वाचता येण्याची अट नको.

आणि बायका. हा विषय निघाला की माझा आवाज चढतो. साइटवर मी ज्या बायांना पहिल्यांदा भेटले, त्या बिगारी होत्या. वीस वर्षांनी भेटल्या तेव्हाही बिगारीच. डोक्यावर घमेलं, घमेल्यात माल. रोज मिस्त्रीच्या हाताशी उभं राहून तिनं त्याचं सगळं काम पाहिलेलं असतं. माल किती पातळ हवा हे त्याच्या आधी तिला कळतं. तिच्याबरोबर लागलेला पुरुष चार-पाच वर्षांत थापी हातात घेतो, तिच्या हातात ती कोणी देत नाही. झारखंडमध्ये स्वच्छ भारत मोहिमेत शौचालयांना गवंडी कमी पडले, तेव्हा गावच्या बायकांना शिकवलं. त्या 'रानी मिस्त्री' म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. शिकण्याचे दिवस हजेरीत आले, तर त्यातल्या निम्म्या जागा बायांसाठी ठेवायलाच हव्यात, कारण घराचा खाडा कोणी सोसायचा हे ठरवताना तिचं शिकणं सर्वांत आधी कापलं जातं.

फेब्रुवारी 2022 मध्ये पुण्यात येरवड्याच्या शास्त्रीनगरला सळयांची जाळी कोसळून बिहारहून आलेले 5 मजूर गेले. मी ती बातमी वाचली आणि दुसऱ्या दिवशी आमच्या साइटवर राफ्टच्या, म्हणजे पायाच्या सलग स्लॅबच्या, जाळीला खालून आधार देणाऱ्या घोड्या मोजल्या. मोजताना माझ्याबरोबर मामा होते. आम्ही त्या वेळी मालकांना विनंती करून एक गोष्ट सुरू केली होती: दर बुधवारी जेवणानंतर दोन तास काम बंद, हजेरी चालू. नमुन्याचा एक कॉलम कोपऱ्यात उभा केला होता. मामा शिकवायचे. पेन्सिलींचा प्रयोग त्यांनी सळयांवरच करून दाखवायला घेतला होता. पहिल्या बुधवारी लोक संकोचून मागे उभे राहिले. महिन्याभरात आपणहून प्रश्न विचारायला लागले. त्या चार महिन्यांत आम्हाला रिंगा तोडून पुन्हा बांधाव्या लागल्या नाहीत.

मग प्रकल्प संपला. टोळी पांगली, मामा हिंजवडीकडे दुसऱ्या कामावर गेले. गेल्या दिवाळीत त्यांचा फोन आला. तिकडे कोणी बुधवार धरत नाही, म्हणाले. मी विचारलं, मग पोरांना दाखवता की नाही?

"दाखवतो की. दुपारच्या सुट्टीत. पण मॅडम, भाकर खाल्ली की पोरं तिथंच पडतात. सकाळी आठपासून उन्हात असतात. उठवायला जीव होत नाही."